शरदात फुलणारे कंद हलवणे आणि वाफ्यात लावणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंदांबद्दलचा बहुतेक सल्ला ट्युलिप आणि डॅफोडिल डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. थंडीच्या आधी लावा, वसंतात फुलं बघा, पानं सुकली की विसरून जा. हाच सल्ला शरदातल्या कंदांना लावला की गाडं अडतं, कारण त्यांचं वर्ष दुसऱ्या टोकाने सुरू होतं. भर उन्हाळ्यात ते जमिनीखाली निजलेले असतात. उन्हं उतरू लागली की आधी फूल येतं, आणि पान त्याच्या बरोबर, मागून किंवा थेट पुढच्या वसंतात. खालच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचा धागा एकच आहे: महिना बघू नका, पान बघा.

शरदात फुलणारे कंद म्हणजे नेमके कोणते?

बागेत सर्वांत जास्त दिसणारं कॉल्चिकम. जमिनीतून थेट उगवलेली, पेल्यासारखी, जांभळट गुलाबी फुलं, आणि त्या वेळी एकही पान नाही. त्याच्या बरोबरीने शरदातले खरे क्रोकस: निळसर जांभळा क्रोकस स्पेसिओसस आणि ज्याच्यापासून केशर मिळतं तो क्रोकस सटायव्हस. पिवळ्याधमक फुलांचं स्टर्नबर्गिया ल्युटिया. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या दोन जाती: गुलाबी नेरिने बोडेनाय आणि उंच दांड्याची अमरिलिस बेलाडोना. पूर्व आशियातली लाल लायकोरिस रेडिएटा, जी शरद विषुवदिनाच्या आसपास फुलते. पांढऱ्या रेन लिलीची झेफिरँथिस कँडिडा. आणि झाडाखालच्या सावलीत सुखाने राहणारं सायक्लॅमेन हेडेरिफोलियम.

आपण सरसकट या सगळ्यांना कंद म्हणतो, पण हलवण्याच्या दृष्टीने त्यांच्यातला एक फरक लक्षात ठेवायलाच हवा. कॉल्चिकम आणि क्रोकस हे भरीव घनकंद आहेत. जुना कंद दर वर्षी संपतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो, मुळ्याही दर वर्षी नव्या फुटतात. झोपेच्या काळात त्यांना मुळ्याच नसतात, त्यामुळे उपटल्याने फारसं काही बिघडत नाही. नेरिने, बेलाडोना आणि लायकोरिस मात्र कांद्यासारखे पापुद्र्यांचे कंद आहेत. तोच कंद वर्षानुवर्षं जगतो आणि त्याच्या जाड, मांसल मुळ्याही टिकून राहतात. त्या मुळ्या तुटल्या की झाड एखाद-दोन वर्षं रुसून बसतं. सायक्लॅमेनचा कंद तिसऱ्याच प्रकारचा, बटाट्याच्या जातीचा, आणि तो दर वर्षी फक्त मोठा होत जातो.

हलवायचे कधी?

सर्वसाधारण उत्तर: पानं पूर्ण पिवळी पडून आडवी झाल्यापासून ते नवी मुळी किंवा कळी हलायला लागेपर्यंत. उत्तर गोलार्धात हा काळ साधारण जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, दक्षिण गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी. पण हवा दर वर्षी पुढे-मागे होते, म्हणून तारखेपेक्षा पानाचा रंग जास्त खरा.

कॉल्चिकमची पानं वसंतात येतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुकतात. ती सुकली की लगेच काढलेले चांगले, कारण तेव्हा कंद नेमके कुठे आहेत ते कळतं. महिनाभर थांबलात तर पानांचा मागमूस राहत नाही आणि मग कुदळ अंदाजाने चालवावी लागते. क्रोकस, स्टर्नबर्गिया, सायक्लॅमेन आणि लायकोरिस यांची पानं शरदात किंवा फुलांनंतर लगेच येतात, हिवाळाभर हिरवी राहतात आणि वसंत संपताना सुकतात. त्यांनाही उन्हाळ्याच्या तोंडावर हलवा. ऑगस्टच्या शेवटापर्यंत थांबण्यात धोका आहे. मातीवर काही दिसत नसलं तरी खाली कळी आणि मुळ्या सरकू लागलेल्या असतात.

नेरिने बोडेनाय हा मोठा अपवाद. तिची पानं वसंतात येतात, उन्हाळाभर हिरवी असतात आणि फुलण्याच्या सुमारास पिवळी पडतात. म्हणजे बाकीचे झोपतात तेव्हा ती जागी असते. तिला उन्हाळ्यात उपटलं तर वर्षाची कमाई वाया जाते. तिला हलवायचं फुलं सरल्यावर, किंवा थंडी कडक असेल तर हिवाळा उलटून नवी पानं टोक काढण्याच्या बेतात असताना. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. ओल्या गार मातीत हिवाळाभर निपचित पडण्याऐवजी कंद लगेच वाढीला लागतो.

बेलाडोनाला पानं सुकल्यावर, कळीचा दांडा वर यायच्या आधी हलवा. ही खिडकी छोटी असते. झेफिरँथिस मात्र फारसे नखरे करत नाही. वसंतात पुंजका उकलून लावला तर त्याच वर्षी फुलतो.

पानं अर्धी पिवळी झाली आहेत आणि फार वाईट दिसतात. कापून टाकू का?

नको. पुढच्या फुलाचं सगळं अन्न याच पानांतून कंदात उतरत असतं. कॉल्चिकमच्या पानांचा पसारा मोठा असतो आणि सुकताना तो खरंच केविलवाणा दिसतो, पण त्या दोन-तीन आठवड्यांत कंद भरतो. पानांच्या गाठी मारू नका, वेण्याही घालू नका. पानं हलक्या हाताने ओढल्यावर सहज सुटून आली की समजा काम झालं.

आत्ता फुलं आली आहेत आणि वाफा याच आठवड्यात रिकामा करावा लागणार आहे. काय करू?

नाइलाज असेल तर हलवता येतं, अट एकच: मुळ्या मोकळ्या होऊ द्यायच्या नाहीत. फावड्याने पुंजक्याभोवती चारही बाजूंनी खोल काप द्या आणि सगळा गोळा मातीसकट उचला. कंदांच्या खालीही मुळ्या झाकलेल्या राहतील इतकी माती येऊ द्या. नव्या जागी आधीच खड्डा करून ठेवा, गोळा त्याच उंचीवर बसवा, भरपूर पाणी द्या. पुंजका फोडायचा मोह या वेळी टाळा. फोडणं पुढच्या सुप्तकाळात करता येईल. कॉल्चिकम आणि क्रोकस असा बदल बऱ्यापैकी सोसतात. या वर्षीची फुलं लवकर मान टाकतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

मागवलेल्या कंदाला पाकिटातच फूल आलं! तो वाया गेला का?

मुळीच नाही. कॉल्चिकम तसंच असतं. माती नाही, पाणी नाही, तरी फुलतं, कारण फूल आणि त्याला लागणारं सगळं अन्न कंदात आधीच तयार असतं. खिडकीत नुसता ठेवूनही तो फुलतो. फक्त एक गोष्ट: असा कोरडा फुललेला कंद साठवणीतलं खर्चत असतो. म्हणून मिळाला की त्याच दिवशी लावा, फुलासकट लावा. लांबलेली, वाकलेली पांढरी नळी मोडू नये म्हणून खड्डा थोडा रुंद घ्या आणि माती हाताने सोडा. या वर्षी फूल जमिनीवर लोळलं तरी चालेल, मुळी मात्र वेळेत फुटायला हवी.

खणून काढायचे कसे?

दातेरी काट्याने. पात्याचं फावडं कंद कापतं, आणि कापलेल्या कंदात बुरशी शिरते. पुंजक्याच्या कडेपासून वीतभर लांब काटा उभा घाला, चारही बाजूंनी माती सैल करा आणि मग खालून उचला. कॉल्चिकमचे जुने कंद वाटतात त्याहून खोल असतात, कारण काही मुळ्या आकसून कंदाला दर वर्षी थोडं खाली ओढतात. 10 सेंटिमीटरवर लावलेला कंद काही वर्षांनी 15-20 सेंटिमीटरवर सापडला तर चकित होऊ नका. एकदम जोर लावलात तर पान हातात येतं आणि कंद खालीच राहतो.

वर आलेल्या पुंजक्यातली माती झटकून कंद हातानेच वेगळे करा. जे सहज सुटतील ते सोडवा, जे आईला घट्ट चिकटलेले असतील ते तसेच राहू द्या. कॉल्चिकमवरचं तपकिरी कडक साल काढू नका, ते कंदाचं संरक्षण आहे. वाळलेल्या जुन्या कंदाचे अवशेष मात्र काढून टाका. बोटाने दाबून मऊ लागणारा, वास येणारा किंवा निळसर बुरशी चढलेला कंद वेगळा काढून फेकून द्या. त्याच्यावर उपचार करत बसण्यात अर्थ नाही, आणि कंपोस्टमध्येही टाकू नका.

काढलेले कंद किती दिवस ठेवता येतात?

घनकंद सावलीत, हवेशीर जागी, कागदावर पसरून काही आठवडे आरामात राहतात. धुऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. फ्रीजमध्ये तर अजिबात नको. केशराच्या कंदात कळी घडते ती उन्हाळ्याच्या उबेत, साधारण 23 ते 27 अंश सेल्सिअसला, आणि नंतर हवा 17 अंशांच्या आसपास उतरली की फूल बाहेर येतं. वसंतातल्या कंदांना थंडी दाखवावी लागते म्हणून यांनाही दाखवली, तर कळी घडण्याचाच काळ हुकतो.

नेरिने, बेलाडोना, लायकोरिस आणि सायक्लॅमेन साठवायचे नाहीत. काढले त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लावा. अगदीच थांबावं लागलं तर मुळ्या किंचित ओलसर कोकोपीटमध्ये झाकून ठेवा.

वाफ्यातली जागा कशी निवडायची?

इथे घाई होते, आणि तिचे परिणाम वर्षानुवर्षं दिसतात. आपण फुलासाठी जागा निवडतो, तर कंद पानाच्या जिवावर जगतो. कॉल्चिकमचं फूल वीतभर उंच आणि नाजूक, म्हणून आपण त्याला वाफ्याच्या अगदी पुढच्या कडेला, छोट्या रोपांच्या शेजारी बसवतो. पुढच्या वसंतात त्याच जागी फूटभर लांब, रुंद, चकचकीत पानांचा झुबका उभा राहतो आणि शेजारची छोटी रोपं त्याखाली गुदमरतात. मग ती पानं आडवी पडून सुकतात आणि मध्ये भगदाड दिसतं. त्यामुळे कॉल्चिकम कडेपासून थोडं आत, वाफ्याच्या दुसऱ्या ओळीत लावा. पुढे अशी झाडं हवीत जी वसंतात उशिरा वाढतात आणि शरदात फार उंच नसतात.

शेजार निवडताना आणखी एक गोष्ट बघा. पान नसलेलं फूल उघड्या मातीवर एकटं पडतं, पावसाच्या शिंतोड्यांनी चिखलाने माखतं आणि वाऱ्याने लोळतं. त्याच्या पायाशी जमिनीलगत पसरणारं काही असलं तर फुलाला आधार मिळतो आणि रंगही उठून दिसतो. थाइमसारखं बुटकं सुगंधी झुडूप, राखाडी पानांची स्टॅकिस किंवा सेडमच्या ठेंगण्या जाती यासाठी उत्तम. फार दाट, सदा ओली चटई करणारं काही मात्र नको, कारण उन्हाळ्यात कंदापर्यंत उष्णता पोचायला हवी.

उन्हाचं गणित जातीप्रमाणे बदलतं. स्टर्नबर्गिया, बेलाडोना, नेरिने आणि केशर यांना वाफ्यातली सर्वांत उबदार जागा द्या: दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीच्या पायथ्याची. भिंत दिवसा तापते, रात्री ऊब परत देते आणि पावसाचाही थोडा आडोसा करते. उन्हाळ्यात कोरडं तापलेलं राहणं ही या मंडळींची गरज आहे. कॉल्चिकम आणि क्रोकस स्पेसिओसस अर्धवट सावलीतही फुलतात, विशेषतः पानझडी झाडांखाली, जिथे कंदाच्या पानांच्या हंगामात झाडाच्या फांद्या उघड्या असतात. सायक्लॅमेन तर मोठ्या झाडाच्या बुंध्यालगत, जिथे दुसरं काही तग धरत नाही, तिथे रमतं. उन्हाळ्यात झाड त्या जागेचं पाणी शोषून घेतं आणि निजलेला कंद कोरडा राहतो. दोघांचं चांगलं जमतं.

ज्या वाफ्याला उन्हाळाभर ठिबक किंवा फवाऱ्याने पाणी जातं, तिथे यांतलं जवळजवळ काहीच लावू नका. नेरिने बोडेनाय आणि झेफिरँथिस थोडंफार चालवून घेतात, बाकीचे कुजण्याचा धोका असतो.

माझी माती चिकण आहे. वाळू मिसळली की पुरे का?

खड्ड्याच्या तळाशी मूठभर वाळू टाकण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. त्याने फारसं साधत नाही. चिकण मातीतला वाळूचा खड्डा म्हणजे पाणी साठवणारी वाटी. सगळ्या वाफ्याचीच पातळी 15-20 सेंटिमीटर उंच करा आणि त्यात जाड खडी, भरड वाळू आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट एकजीव मिसळा. बारीक बांधकामाची वाळू नको, ती चिकणमातीबरोबर घट्ट बसते. उतार असेल तर उताराचा वरचा भाग निवडा. कॉल्चिकम या सगळ्यांत सर्वांत सोशीक आहे. कॉल्चिकम ऑटमनेल युरोपातल्या ओलसर कुरणांत आपसूक वाढतं, त्यामुळे भारी मातीत पहिली निवड तीच. स्टर्नबर्गियाला चुनखडीची, पाणी झटकन उतरणारी माती मानवते.

किती खोल लावायचे?

कॉल्चिकम: कंदाच्या डोक्यावर साधारण 10 सेंटिमीटर माती. शरदातले क्रोकस 8 ते 10, केशर 10 ते 15. स्टर्नबर्गिया 15.

नेरिने, लायकोरिस आणि बेलाडोना यांना उलटा नियम: कंदाची मान मातीच्या पातळीला, नेरिनेची तर थोडी बाहेरच. ऊन कंदाच्या खांद्यावर पडलं पाहिजे. खोल गाडलेली नेरिने पानं भरभरून देते, फूल देत नाही. हिवाळ्यात जमीन गोठते अशा ठिकाणी बेलाडोना थोडी खोल लावून वर कोरड्या पाल्याचं पांघरूण घालावं. सायक्लॅमेनवर 3 ते 5 सेंटिमीटर पानांची माती पुरे.

हलकी रेताड माती असेल तर खोली थोडी वाढवा, भारी असेल तर थोडी कमी करा.

कंदाची वरची बाजू कुठली ते कळत नाही.

क्रोकसला तळाशी चपटी बाजू आणि वर टोक असतं, पापुद्र्यांच्या कंदांना मान असते. प्रश्न येतो तो दोघांचा. कॉल्चिकमचा कंद वेडावाकडा असतो. एका बाजूला खाली पावलासारखा पुढे आलेला भाग दिसतो, तो खाली. साल वर निमुळतं होऊन नळीसारखं झालेलं असतं, ते वर. सायक्लॅमेन हेडेरिफोलियमच्या मुळ्या कंदाच्या वरच्या भागातून आणि बाजूंनी फुटतात, त्यामुळे नेहमीच्या सवयीने मुळ्या खाली केल्या की कंद उलटा बसतो. त्याची गुळगुळीत, गोलसर बाजू खाली आणि जुन्या देठांच्या खुणा असलेली बाजू वर. काहीच उमगलं नाही तर कंद आडवा, कडेवर लावा. कोंब वाट शोधतो.

किती अंतरावर? एकेक की घोळक्याने?

घोळक्यानेच, आणि ओळीत तर कधीच नाही. कॉल्चिकमच्या मोठ्या जातींत 15 ते 20 सेंटिमीटर अंतर ठेवा, कारण पानांना जागा लागते. क्रोकस 7-8 सेंटिमीटरवर. नेरिनेला दाटीवाटी आवडते, कंदाला कंद जवळजवळ टेकला तरी चालतो. सायक्लॅमेनला भरपूर मोकळी जागा द्या. तो कंद दशकानुदशकं जगतो आणि जेवणाच्या ताटाएवढा होऊ शकतो.

लावल्यानंतर पाणी आणि खत?

उन्हाळ्यात सुप्त कंद लावले असतील तर माती बसण्यापुरतं एकदा पाणी द्या आणि थांबा. हवा गार होऊन पहिला चांगला पाऊस पडला की ते जागे होतात. पाऊस लांबला तर त्या सुमारास एक भरघोस पाणी द्या. मुळ्यांसकट हलवलेल्या नेरिने किंवा लायकोरिसला मात्र लावल्याबरोबर पाणी हवं आणि पुढचे काही आठवडे माती ओलसर ठेवावी.

खत पानं वाढत असताना द्या, फुलं असताना नको. पालाशयुक्त, नत्र कमी असलेलं खत पातळ करून दोन-तीन वेळा दिलं की पुरतं. ताजं शेणखत कंदाला लागू देऊ नका, कुज तिथूनच सुरू होते.

हलवून वर्ष झालं, पानं आली पण फुलं नाहीत. चुकलं कुठे?

बहुधा कुठेच नाही. बेलाडोना आणि लायकोरिस हलवल्यावर एक-दोन वर्षं फुलत नाहीत, कधी त्याहून जास्त. तुटलेल्या मुळ्या परत भरायला तेवढा वेळ लागतो. अशा वेळी ‘जागा मानवली नाही’ असं समजून त्यांना पुन्हा उपटणं हा सर्वांत वाईट निर्णय, कारण घड्याळ परत शून्यावर येतं. पानं दर वर्षी आधीपेक्षा रुंद आणि जास्त दिसत असतील तर निवांत वाट बघा.

पानंच बारीक होत चालली असतील तर मात्र कारण शोधा. नेरिने खोल गेली आहे का? शेजारचं झुडूप वाढून सावली पडली का? उन्हाळ्यात तिथे पाणी मुरतंय का? क्रोकसच्या बाबतीत कंद लहान असणं हेही कारण असतं. केशराचा 8 ग्रॅमच्या आतला कंद सहसा फुलत नाही. तो आधी पोसावा लागतो.

पुंजका फार दाट झाला आहे. दर काही वर्षांनी फोडायलाच हवा का?

फुलं भरपूर येत असतील तर हात लावू नका. नेरिनेचे कंद एकमेकांवर चढून मातीबाहेर ढकलले गेले तरी ती उलट जास्त फुलते. फुलं कमी व्हायला लागली, मधला भाग रिकामा पडला, की मग उकला. कॉल्चिकमला साधारण चार-पाच वर्षांनी उकललेलं मानवतं. केशराला त्याहून लवकर, कारण एका कंदाचे अनेक छोटे कंद होतात आणि गर्दीत कोणीच फुलण्याइतका भरत नाही. केशराला बी धरतच नाही. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्याने ते वांझ आहे, आणि जगात जितकं केशर आहे ते सगळं माणसांनी कंद उकलून, वाटून, पुन्हा लावून वाढवलेलं आहे.

लहान पिल्लं फेकू नका. वाफ्याच्या एका कोपऱ्यात त्यांची रोपवाटिका करा, दोन-तीन वर्षांत ती फुलण्याजोगी होतात.

गवतात लावता येतील का?

हो, आणि क्रोकस स्पेसिओसस व कॉल्चिकम गवतात फार सुंदर दिसतात. फुलं यायच्या आधी, उन्हाळा संपताना एकदा गवत बुटकं कापा आणि मग यंत्र बाजूला ठेवा. पण पानं सुकेपर्यंत, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, गवत कापता येणार नाही. हे मान्य नसेल तर वाफाच बरा. आणि जिथे जनावरं चरतात तिथे कॉल्चिकम कधीही लावू नका.

ते इतकं विषारी आहे का?

आहे, आणि या प्रश्नावर मला ठासून सांगायचं आहे. कॉल्चिकमच्या कंदात, पानांत, फुलांत आणि बियांत कॉल्चिसिन असतं. आपल्याकडच्या कळलावीतही हेच विष आहे, दोन्ही एकाच कुळातल्या. गाऊट या सांधेदुखीवर हेच द्रव्य औषध म्हणून दिलं जातं, पण औषध आणि विष यांतलं अंतर अगदी थोडं आहे. युरोपात वसंतात जंगली लसणाची पानं समजून कॉल्चिकमची पानं खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. खाल्ल्यानंतर काही तास त्रास जाणवत नाही, म्हणून लक्षणांची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा. कंद हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा, आणि भाजीच्या वाफ्यात, कांदा-लसणाच्या शेजारी ते लावू नका. काढलेले कंद स्वयंपाकघरात वाळत घालू नका. नेरिने, लायकोरिस, बेलाडोना आणि स्टर्नबर्गिया यांचे कंदही पोटात गेले तर बाधतात.

केशर आणि कॉल्चिकम यांची फुलं लांबून सारखी दिसतात. फरक असा: कॉल्चिकमला सहा पुंकेसर, क्रोकसला तीन. केशराच्या फुलात एकाच दांड्यातून फुटलेले तीन लांब लालभडक तंतू असतात. पानं बघितली तर शंकाच उरत नाही. क्रोकसची पानं गवतासारखी अरुंद आणि मधोमध पांढरी रेघ असलेली, कॉल्चिकमची रुंद आणि सपाट हिरवी. ज्याच्याबद्दल पक्की खात्री नाही अशा फुलातलं काहीही खाण्यासाठी वाळवू नका. तसंही घरच्या वाफ्यातून फार मिळत नाही. एक ग्रॅम वाळलेल्या केशराला साधारण 150 फुलं लागतात.

उंदीर आणि खारी कंद उकरून खातात. उपाय?

क्रोकस त्यांचं आवडतं खाणं. कंदांवर लोखंडी जाळी अंथरून वर माती टाका, कोंब जाळीतून सहज येतात. ताजी भुसभुशीत माती त्यांना बोलावते, म्हणून लावल्यावर पायाने हलकी दाबा आणि वर खडी पसरा. कॉल्चिकम आणि नेरिनेला विषामुळे ते सहसा शिवत नाहीत. कॉल्चिकमच्या फुलांना त्रास गोगलगायींचा. रात्री बॅटरी घेऊन वेचणं हाच खात्रीचा इलाज.

रानातून कंद आणले तर?

आणू नका. स्टर्नबर्गिया आणि सायक्लॅमेन व्यापारासाठी रानातून इतके ओरबाडले गेले की साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, परिशिष्ट 2 मध्ये, त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. विकत घेताना ते लागवडीतले आहेत का ते विचारा. सायक्लॅमेनचा सुका, सुरकुतलेला कंद घेण्यापेक्षा कुंडीत पानांसकट वाढणारं रोप घ्या. ते लागण्याची शक्यता कितीतरी जास्त.

उन्हाळ्यात वाफा रिकामा दिसतो आणि मी विसरून तिथेच खणतो.

पानं सुकायच्या आधी, म्हणजे पुंजक्याच्या सीमा दिसत असताना, चारही कोपऱ्यांना काड्या खोचा. जमिनीत पूर्ण दाबलेली, फक्त डोकं वर दिसणारी पाटी सर्वांत टिकाऊ. शाईपेक्षा पेन्सिलीने लिहिलेलं नाव प्लास्टिकवर जास्त वर्षं राहतं. वाफ्याचा फोटो दोनदा काढून ठेवा, एकदा फुलं असताना आणि एकदा पानं असताना. दोन्ही शेजारी ठेवले की कुठे जागा आहे आणि कुठे नाही ते पुढच्या वेळी कंद हलवताना लगेच कळतं.

वसंतात कॉल्चिकमच्या पानांमध्ये फुगीर बोंडं दिसतात. ती काय आहेत?

गेल्या शरदातल्या फुलांची फळं. कॉल्चिकमचा बीजांडकोश फुलाच्या वेळी जमिनीखाली असतो. हिवाळाभर तो तिथे सुरक्षित राहतो आणि पानांबरोबर वर येतो. बी हवं असेल तर बोंड तपकिरी होऊन तडकायला लागलं की काढा आणि ताजंच पेरा. फूल यायला साधारण चार ते सहा वर्षं लागतात. घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर बोंडं हिरवी असतानाच खुडून टाका, बियाही विषारी आहेत.